'डूला' : शब्दाचा आणि सोबतीचा इतिहास

प्रसूतीच्या वेळी, किंवा प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, मातेच्या सोबतीस राहून तिला धीर व साहाय्य देणाऱ्या आणि या कामाचा मोबदला घेणाऱ्या स्त्रीस अमेरिकेत 'डूला' म्हणतात. ती वैद्यकीय उपचार करीत नाही. मुंबई-पुण्यासारख्या आपल्या शहरांतूनही आता हा शब्द कानी पडू लागला आहे. त्याबरोबर दोन गैरसमजही आले आहेत. डूला म्हणजे सुईणीचेच परभाषेतील नाव, हा एक. आणि डूला ही केवळ संपन्न घरांतील हौस, हा दुसरा. शब्दाचा इतिहास पाहिला असता हे दोन्ही समज टिकत नाहीत. अशी सोबत ठरवू पाहणाऱ्या कुटुंबालाही तो इतिहास उपयोगी पडण्याजोगा आहे.

मूळ शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ 'गुलाम स्त्री' असा आहे. पायलॉस येथील राजवाड्यात सापडलेल्या, इ. स. पूर्व १२०० च्या सुमाराच्या मातीच्या पाट्यांवर त्याचे 'दोएरा' असे प्राचीन रूप आढळते. या पाट्यांची लिपी मायकेल व्हेंट्रिस याने १९५२ मध्ये उलगडली. अभिजात ग्रीकमध्ये 'दूलोस' म्हणजे दास व 'दूले' म्हणजे दासी. लूकच्या शुभवर्तमानात मरिया स्वतःला प्रभूची दासी म्हणविते, तेथेही हाच शब्द आहे. प्रसूतीशी त्याचा मुळात काहीच संबंध नव्हता. सुईणीसाठी ग्रीकांचा शब्द 'माइआ' हा होता. आपल्या 'माई'शी त्याचे साम्य दिसले तरी त्यावरून व्युत्पत्ती काढण्याचा मोह आवरावा.

आता प्रसूतीशी संबंध असलेले जुने शब्द पाहू. इंग्रजीतील 'मिडवाइफ' या शब्दातील 'मिड' म्हणजे 'सह' आणि 'वाइफ' म्हणजे 'स्त्री'. प्रसवणाऱ्या स्त्रीच्या संगतीत असणारी, हा त्याचा मूळ अर्थ. लॅटिनमधील 'ऑब्स्टेट्रिक्स' म्हणजे समोर उभी राहणारी. प्रसूतिशास्त्राचे इंग्रजी नाव याच शब्दापासून निघाले. दोन्ही नावे कौशल्याची नव्हेत, उपस्थितीची आहेत. आपला 'सुईण' हा शब्द प्रसवार्थी 'सू' धातूच्या परिवारातला. त्यात कर्माचा निर्देश आहे. परंतु आपल्या प्राचीन वैद्यकाला सोबतीचे महत्त्व अज्ञात होते असे नाही. प्रसूतेजवळ चार स्त्रिया असाव्यात, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. त्या परिणत वयाच्या, प्रसवकर्मात कुशल व नखे कापलेल्या असाव्यात, आणि ज्यांच्याविषयी मनात शंका येणार नाही अशा असाव्यात. कौशल्य, स्वच्छता व विश्वास या तिन्ही गोष्टींची अपेक्षा येथे एकत्रच केली आहे. चरकसंहितेतही अनेकदा प्रसवलेल्या, स्नेहशील स्त्रियांनी तिच्याभोवती असावे असे म्हटले आहे. सारांश, प्रसूतीचे कौशल्य आणि प्रसूतेची सोबत ही दोन कामे बहुधा एकाच मंडळाकडे असत.

ही दोन कामे विलग झाली ती विसाव्या शतकात, प्रसूती घरातून रुग्णालयात गेल्यावर. अमेरिकेत १९०० च्या सुमारास रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या स्त्रिया थोड्याच होत्या. १९७० पर्यंत जवळजवळ सर्वच प्रसूती तेथे होऊ लागल्या. मॉर्फिन व स्कोपोलामिन देऊन स्त्रीस अर्धवट निद्रेत ठेवण्याची जर्मनीतील पद्धती १९१४ च्या सुमारास तेथे गाजली. वेदनेची स्मृती पुसली जाई. पण ज्या स्त्रीला शुद्धच नाही, तिला सोबत कशाला हवी, असा विचारही त्याबरोबर रुजला. जंतुसंसर्गाच्या भयाने आप्तेष्ट खोलीबाहेर राहिले. माता व बालक यांचे प्राण वाचविण्यात रुग्णालयाने जे साधले त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि कौशल्य आत गेले आणि सोबत दाराबाहेर राहिली, हेही तितकेच खरे.

या उरलेल्या कामाला नाव दिले ते मानववंशशास्त्रज्ञ डेना राफाएल यांनी. स्तनपानावरील आपल्या १९७३ च्या ग्रंथात त्यांनी 'डूला' हा शब्द योजिला. बाळंतिणीला जपणारी, म्हणजे आईची आई होणारी स्त्री, या अर्थाने तो तेथे येतो. स्तनपान यशस्वी होण्यास अशी व्यक्ती जवळ असणे अत्यंत महत्त्वाचे असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : शब्दाचा हा पहिला आधुनिक अर्थ प्रसूतीनंतरच्या सोबतीचा आहे. पहिल्या बाळंतपणास माहेरी गेलेल्या मुलीसाठी तिची आई, मावशी किंवा आजी जे करते, त्याच्याशी तो अगदी जवळचा आहे.

प्रसववेदनांच्या वेळची सोबत हा अर्थ नंतर आला. मार्शल क्लाउस, जॉन केनेल व त्यांचे सहकारी यांनी ग्वाटेमालातील एका रुग्णालयात केलेला अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रथमच प्रसूत होणाऱ्या काही स्त्रियांना, पूर्वी कधी न भेटलेल्या एका सामान्य स्त्रीची अखंड सोबत देण्यात आली. गुंतागुंत न झालेल्या प्रसूतींची तुलना करता, दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंतचा काळ सोबत असलेल्यांत सरासरी ९ तासांच्या आसपास, तर सोबत नसलेल्यांत १९ तासांहून अधिक भरला. ह्यूस्टन येथील अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, तो अधिक बोलका आहे. शस्त्रक्रियेने प्रसूतीचे प्रमाण नेहमीच्या व्यवस्थेत १८ टक्के, खोलीत केवळ एक अबोल निरीक्षक स्त्री बसली असता १३ टक्के, आणि डूला असता ८ टक्के आढळले. नुसत्या उपस्थितीचाही परिणाम होतो, असे यावरून दिसते. २०१७ च्या एका व्यापक समालोचनात १५,००० हून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या २६ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. निष्कर्षाची दिशा तीच राहिली. मात्र पुराव्याचा दर्जा उच्च नाही, असेही समालोचकांनी नोंदविले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रत्येक स्त्रीस तिच्या पसंतीची सोबत मिळावी अशी शिफारस केली. भारत सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही प्रसूतिकक्षातील सोबतीस स्थान आहे. ही सोबत पगारी असलीच पाहिजे असे नाही. आई, बहीण, पतीही ती देऊ शकतात. म्हणून ही श्रीमंतांचीच गोष्ट, हे म्हणणे बरोबर नव्हे.

पगारी डूला ठेवावयाची असल्यास पहिला प्रश्न शब्दार्थाचाच आहे : राफाएल यांच्या अर्थाची हवी, की क्लाउस-केनेल यांच्या? पहिली बाळंतिणीच्या विश्रांतीकडे, आहाराकडे व स्तनपानाकडे लक्ष देते. दुसरी वेदनांच्या वेळी जवळ राहते. एकच व्यक्ती दोन्ही करील असे गृहीत धरू नये. दुसरे, ती सुईण नव्हे. अंतर्गत तपासणी, औषध, मूल हाती घेणे ही तिची कामे नाहीत. ती करण्याची तयारी दाखविणाऱ्या, किंवा डॉक्टरांचा सल्ला डावलावयास सांगणाऱ्या स्त्रीपासून दूर राहावे. तिसरे, प्रमाणपत्रे खाजगी संस्था देतात. १९९२ मध्ये 'डूलाज ऑफ नॉर्थ अमेरिका' या नावाने स्थापन झालेली संस्था ही त्यांपैकी एक. तेव्हा कागद पाहून न थांबता शिक्षण कोठे व किती झाले, किती प्रसूतींस ती उपस्थित होती, हे विचारावे. चौथे, रुग्णालय तिला आत येऊ देईल का, आणि पतीबरोबर की त्याच्याऐवजी, हे आधीच लेखी विचारून घ्यावे. ऐन वेळी दारात वाद झाला तर त्याचा त्रास प्रसूतेलाच होतो. सुश्रुताची अटही विसरू नये : जिच्याविषयी मनात शंका आहे अशी स्त्री कितीही प्रशिक्षित असली तरी उपयोगाची नाही. म्हणून तिची निवड सासूने वा पतीने नव्हे, प्रसूत होणाऱ्या स्त्रीनेच करावी.

शेवटी शब्दाच्या मूळ अर्थाकडे वळणे प्राप्त आहे. 'दासी' हे नाव अनुचित आहे, म्हणून हे काम करणाऱ्या काही स्त्रियांनी ते नाकारले आहे. आक्षेप निराधार नाही. ग्रीक घरातील दूलेला नकार देण्याचा अधिकार नव्हता. तिची वेळ तिची नव्हती. आजच्या डूलेची आहे. म्हणूनच ती किती दिवस 'बोलावणे येताच येईन' म्हणून बांधून राहील, तिला येता न आल्यास बदली कोण येईल, प्रसूती लांबल्यास मोबदला काय, प्रसूतीनंतर स्वयंपाक व धुणीभांडी तिच्या कामात मोडतात की नाही, हे सारे आधी लिहून ठरविणे दोघींच्याही हिताचे आहे. या कराराने सोबतीतील आपुलकी उणावते असे कोणास वाटेल; परंतु शब्दाच्या सुमारे तीन हजार वर्षांच्या इतिहासातील गुलामी जर कशाने पुसली जाणार असेल, तर ती अशा स्पष्ट व्यवहारानेच.