पीअरट्यूब

पीअरट्यूब : व्हिडिओ साठवण्यासाठी व दाखवण्यासाठी कोणालाही स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येईल अशी मुक्त संगणकप्रणाली. पीअरट्यूब नावाचे एकच एक संकेतस्थळ नाही. ही प्रणाली वापरणारी, वेगवेगळ्या मालकीची आणि एकमेकांशी जोडलेली शेकडो संकेतस्थळे मिळून तिचे जाळे बनते. फ्रान्समधील फ्रामासॉफ्ट ही ना-नफा संस्था तिचा विकास करते. प्रेक्षक काय बघतो याची टिपणे ठेवायची आणि त्यांच्या जोरावर जाहिराती विकायच्या, हा व्यवहार या प्रणालीच्या रचनेतच नाही. म्हणून यूट्यूबसारख्या मोठ्या मंचाला खासगीपणा राखणारा पर्याय शोधताना तिचे नाव आधी घेतले जाते.

पार्श्वभूमी : माणूस काय बघतो ही त्याच्या वाचनाइतकीच खासगी बाब आहे, हे कायद्याने इंटरनेटच्या आधीच ओळखले होते. १९८७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बोर्क यांचे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी पुढे आले. तेव्हा वॉशिंग्टनमधील एका साप्ताहिकाने, व्हिडिओ कॅसेटच्या दुकानातून त्यांच्या घरी भाड्याने गेलेल्या १४६ चित्रपटांची यादी मिळवून त्यावर लेख छापला. यादीत लाजिरवाणे काहीच नव्हते. तरीही लोकप्रतिनिधी अस्वस्थ झाले आणि १९८८ मध्ये अशा नोंदी उघड करण्यावर बंदी घालणारा संघराज्याचा कायदा झाला. लपवण्यासारखे काही नसले तरी यादी दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, हा या प्रकरणाचा गाभा आजही तसाच आहे.

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले आणि २००६ मध्ये गूगलने ते १६५ कोटी डॉलरला विकत घेतले. कॅसेटच्या दुकानदाराच्या वहीत फक्त चित्रपटाचे नाव लिहिले जाई. वाचनालयाच्या पुस्तकामागे चिकटवलेल्या चिठ्ठीवरही परतीची तारीख तेवढी उमटते. व्हिडिओ मंचाला याहून पुष्कळ अधिक दिसते : बघणारा कोणत्या मिनिटाला थांबला, कोणता भाग पुढे ढकलला, कोणता तुकडा पुन्हा लावला, रात्री किती वाजता मधुमेहाच्या आहाराचे व्हिडिओ एकामागून एक बघितले. मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबने अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरून तडजोड केली. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिरातींना मनाई आहे.

निर्मिती : फ्रामासॉफ्टचे मूळ एका फ्रेंच शाळेतील शिक्षकांच्या प्रकल्पात आहे, ‘फ्रेंच’ आणि ‘मॅथेमॅटिक्स’ या शब्दांची आद्याक्षरे जोडून तिच्या नावातले ‘फ्रामा’ तयार झाले. २०१४ पासून तिने ‘इंटरनेट गूगलमुक्त करूया’ अशा अर्थाची मोहीम चालवून नकाशे, दस्तऐवज, मतचाचण्या अशा एकेका सेवेला मुक्त पर्याय उभा केला. व्हिडिओ ही त्यातली सर्वांत अवघड बाब होती, कारण साठवण आणि बँडविड्थ (माहिती वाहून नेण्याची क्षमता) यांचा खर्च लहान संस्थेला पेलत नाही. ‘चोकोबोझ’ या टोपणनावाने काम करणारा एक प्रोग्रामर २०१५ पासून फावल्या वेळात पीअरट्यूब लिहीत होता. २०१७ मध्ये संस्थेने त्याला पगारावर घेतले. २०१८ मध्ये २०,००० युरोचे उद्दिष्ट ठेवून लोकवर्गणी मागितली, तेव्हा ५३,१०० युरो जमले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिली पक्की आवृत्ती आली. नंतर अनेक वर्षे या प्रणालीवर पगारी प्रोग्रामर एकच होता. जगातील सर्वांत धनाढ्य कंपन्यांपैकी एकीच्या मंचासमोर एका माणसाच्या पगाराएवढ्या वर्गणीवर हे काम उभे राहिले, ही गोष्ट आदराने नोंदवण्यासारखी आहे.

रचना : जाळ्यातील प्रत्येक सर्व्हर आपल्या जागी स्वतंत्र असतो. खाते कोणाला द्यायचे, एकाला किती जागा द्यायची, कोणता मजकूर चालवून घ्यायचा, हे त्याचा चालक ठरवतो. हे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या प्रमाणित भाषेतून एकमेकांशी बोलतात, त्यामुळे एका सर्व्हरवरील प्रेक्षकाला दुसऱ्यावरील वाहिनीचे सदस्य होता येते. मॅस्टोडॉन या मुक्त समाजमाध्यमावरील खात्यातूनही त्या वाहिनीचे अनुसरण करता येते आणि व्हिडिओखाली प्रतिक्रिया देता येते. ईमेलशी परिचित असलेल्याला हे समजणे सोपे आहे, कारण पत्ता वेगवेगळ्या सेवांचा असला तरी पत्र पोहोचते.

बँडविड्थचा प्रश्न नावातल्या ‘पीअर’ने, म्हणजे बरोबरीच्या सहप्रेक्षकाने, हलका केला. एकच व्हिडिओ एकाच वेळी दहा जण बघत असतील, तर त्यांचे ब्राउझर व्हिडिओचे तुकडे आपसांतही वाटून घेतात आणि सर्व्हरवरचा भार कमी होतो. असे चालू असताना प्लेअरच्या खालच्या पट्टीत, आपल्याकडे येणाऱ्या व आपल्याकडून जाणाऱ्या माहितीचा वेग आणि जोडलेल्या सहप्रेक्षकांची संख्या दिसते. थेट प्रक्षेपणाची सोय जानेवारी २०२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत आली. फोनसाठीचे अधिकृत ॲप २०२४ च्या अखेरीस निघाले.

खासगीपणाचा हिशेब : येथे बारकाईने बघणे गरजेचे आहे, कारण ‘पर्याय’ म्हटले की माणूस निर्धास्त होतो. तुकड्यांची वाटणी होते तेव्हा एका प्रेक्षकाचा आयपी पत्ता (त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) दुसऱ्याला कळू शकतो. म्हणजे एका कंपनीपासून जे वाचवले, त्यातले थोडे अनोळखी सहप्रेक्षकापुढे उघडे पडते. त्यावर उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये वाटणी बंद करता येते आणि काही चालक ती मुळातच बंद ठेवतात. दुसरे असे, की सर्व्हरचालकाला आपल्या सर्व्हरवरच्या नोंदी दिसतातच. पीअरट्यूब माणसाला अदृश्य करत नाही. सगळ्यांच्या सगळ्या नोंदी एकाच घरात साचू नयेत, एवढी काळजी ते घेते, आणि ही काळजी फार मोलाची आहे. म्हणून सर्व्हर निवडताना तो कोण चालवतो, पैसे कुठून येतात आणि नियमांचे पान लिहिलेले आहे का, हे आधी वाचावे.

वापर : जून २०१८ मध्ये, त्रिमितीय चित्रणाची मुक्त प्रणाली बनवणाऱ्या ब्लेंडर संस्थेचे यूट्यूबवरील व्हिडिओ अचानक जगभर दिसेनासे झाले. वाहिनीवर जाहिराती लावण्यास संस्था तयार नव्हती आणि वाद त्यावरूनच होता. व्हिडिओ परत आले, पण तेवढ्यात ब्लेंडरने स्वतःचा पीअरट्यूब सर्व्हर उभारला. फ्रान्सच्या शिक्षण खात्यानेही शिक्षकांसाठी ही प्रणाली स्वीकारली. युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण पर्यवेक्षकाने एप्रिल २०२२ मध्ये संघाच्या संस्थांसाठी प्रायोगिक सर्व्हर सुरू केला. पुढे तो चालवण्याची जबाबदारी कोणी न घेतल्याने मे २०२४ मध्ये तो बंद झाला. प्रणाली फुकट मिळाली, तरी तिच्यामागे रोज बसणारा माणूस लागतोच.

मर्यादा : सर्वांत मोठी मर्यादा मजकुराची. कीर्तन, पॉवर टिलरची दुरुस्ती, स्पर्धा परीक्षांची व्याख्याने, पुरणपोळीची कणीक कशी तिंबावी : मराठी प्रेक्षकाला जे हवे ते जवळपास सगळे यूट्यूबवर आहे आणि या जाळ्यात मराठी फारच विरळ सापडते. शोधासाठी फ्रामासॉफ्टने २०२० मध्ये सेपिया सर्च हे साधन दिले, पण जे चढवलेलेच नाही ते शोधून मिळणार कसे? जाहिरातींतून मिळणारे उत्पन्नही येथे नाही. त्यावर घर चालवणाऱ्या निर्मात्याने यूट्यूब सोडावे, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरी वाट : या अडचणीमुळे अनेक जण व्हिडिओ यूट्यूबचेच बघतात, फक्त खात्यात न शिरता दुसऱ्या दाराने. अँड्रॉइड फोनवरील न्यूपाइप हे असे ॲप आहे. ते गूगलच्या ॲप दुकानात नसते, एफ-ड्रॉइड या मुक्त भांडारातून घेता येते. वाहिन्यांचे सदस्यत्व आणि बघितल्याची यादी फोनमध्येच राहते. फोन बदलताना ती एका झिप फाइलमध्ये काढून नव्या फोनवर भरता येते, आणि इतिहास ठेवायचाच नसेल तर बंदही करता येतो. संगणकासाठी फ्रीट्यूब तसेच काम करते. दोन्हींत व्हिडिओ मात्र सहसा थेट गूगलच्या सर्व्हरवरून येतो, आणि तेव्हा आयपी पत्ता तिथे पोहोचतोच. इन्व्हिडियस हे ब्राउझरमधून वापरण्याचे मधले दार आहे. मधला सर्व्हर व्हिडिओ स्वतःमार्फत पाठवत असेल तर गूगलला त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो, आणि मग विश्वास त्याच्या चालकावर ठेवावा लागतो. जून २०२३ मध्ये यूट्यूबने इन्व्हिडियसला सेवा बंद करण्याची नोटीस पाठवली. आपण यूट्यूबचे अधिकृत एपीआय (दुसऱ्या प्रणालींना जोडणीसाठी दिलेली सोय) वापरतच नाही, त्यामुळे त्याच्या अटी आपल्याला लागू होत नाहीत, अशी भूमिका घेऊन विकासकांनी काम चालू ठेवले. ही साधने यूट्यूबच्या मर्जीविरुद्ध चालतात. तिकडे काही बदलले की इकडे व्हिडिओ अडतो आणि नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावे लागते. जाहिराती दिसत नसल्याने निर्मात्याचे उत्पन्नही बुडते. आवडत्या निर्मात्याला थेट पैसे देण्याची सोय असेल तर ती वापरणे रास्त.

मराठी निर्मात्यांसाठी : सप्टेंबर २०२२ मधील ४.३ आवृत्तीपासून जुन्या वाहिनीशी जोडणी करता येते. सर्व्हरचालकाने परवानगी दिली असेल तर यूट्यूबवरील वाहिनीचा दुवा एकदा द्यायचा, मग तिच्यावर नवा व्हिडिओ आला की त्याची प्रत पीअरट्यूबवर आपोआप उतरते. निर्मात्याला काही सोडावे लागत नाही आणि प्रेक्षकाला पाळतीविना बघण्याची जागा मिळते. २०२४ मध्ये बोललेल्याचे लिखित रूप आपोआप करण्याची सोयही आली. त्यामागे असलेले व्हिस्पर हे साधन मराठी ओळखते, पण बोलीतील उच्चारांवर ते अडखळते आणि उपशीर्षके हाताने दुरुस्त करावी लागतात. एखादे विद्यापीठ, नाट्यसंस्था किंवा जिल्हा ग्रंथालय यांना मध्यम ताकदीच्या एका सर्व्हरवर आणि अर्धवेळ तंत्रज्ञावर आपल्या व्याख्यानांचा संग्रह असा ठेवता येईल.