पुन्हा वाट!

साल इसवी ४७५च्या आगेमागे. वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम, सोडून तुमची बैलगाडी पश्चिमेला निघाली त्याला बरेच दिवस झाले. मागे राहिली ती वाकाटक राजा हरिषेणाची राजधानी. समोर अजिंठ्याचा डोंगर. हरिषेणाचा सचिव वराहदेव इथे बौद्ध भिक्षूंसाठी विहार कोरवून घेतोय. पुढे लोक त्याला सोळावं लेणं म्हणतील. राजदरबारचं काम, तेव्हा रंगही उंची असतील अशी तुमची अटकळ. हाती येते ती मातीची टोपली.

आत शेणाचा वास भरलाय. भिंतीवर टाकीचे घाव तसेच ठेवलेत, कारण गुळगुळीत कातळाला लिंपण धरत नाही. माती, दगडाचा चुरा, भाताचं तूस, शेण, गवताचे तंतू असा सगळा चिखल तुडवून तुडवून पोटऱ्या भरून येतात. तो भिंतीवर दाबून बसवायचा, घोटायचा, वर पांढरा पातळ हात द्यायचा आणि सुकू द्यायचा. इथे रंग कोरड्यावरच चढतो.

मग पुढ्यात खल येतो. लाल म्हणजे गेरूचा खडा, पिवळा म्हणजे पिवडी. काळा म्हणजे दिव्याची काजळी. हिरवी माती याच काळ्या कातळाच्या पोकळ्यांत सापडते. बारीक वाटायचं, पाण्यात ढवळायचं, जाडा गाळ टाकायचा, उरलेल्यात सरस घालायचा. निळा तेवढा चिमूटभर, फडक्यात बांधून ठेवलेला: बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द, हिंदुकुशापलीकडून आलेला. शेजारच्या नवव्या-दहाव्या लेण्यांतल्या, कित्येक शतकं जुन्या चित्रांच्या नशिबी तो नव्हता.

चित्रकार गेरूनं रेघ ओढतो. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद यानं संसार सोडलाय, सेवक त्याचा मुकुट घेऊन आलाय, आणि त्याची बायको सुंदरी कोसळतेय. मान कलली, पापण्या मिटत आल्या. अंगाला गडद-फिकट छटा देत तो गोलाई आणतो.

बाहेरच्या भिंतीवर वाकाटकांची वंशावळ आणि वराहदेवाचं दान संस्कृतात कोरलं जाणार आहे. दान मोठंच. पण ते गेलं कुठे, हे आता तुमचे खांदे सांगतात: एका निळ्यासाठी लांबच्या वाटेवर, आणि बाकी सगळं टाकी मारणाऱ्या, तुडवणाऱ्या, वाटणाऱ्या हातापायांच्या पोटावर. लाल-पिवळा तर डोंगराच्या कुशीतलाच.

चित्रकार बोटावर रंग चोळून बघतो आणि वाटी तुमच्याकडे सरकवतो.

“कचकच लागते रे. पुन्हा वाट!”