चालवून पाहिलेले उदाहरण

भिवंडीत विणले जाणारे बरेचसे कापड साधे ग्रे असते. पण पट्टा, चौकडा किंवा बारीक बुट्टी हवी असेल तर मागावर डॉबी चढवतात, आणि नक्षी मोठी असेल तर जॅकार्ड. डॉबीचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. लाकडी पट्ट्यांची एक साखळी फिरत असते, पट्ट्यांना भोके असतात आणि ठरावीक भोकांत खुंट्या ठोकलेल्या असतात. खुंटी असेल तिथे ताण्याच्या धाग्यांचा तेवढा गट वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. मधून धोटा जातो, एक पिक, म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा, भरतो, साखळी पुढे सरकते. कोणत्या भोकात खुंटी मारायची हे आधी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून मांडलेले असते. नक्षी १६ पिकांची आणि इंचात ४८ पिक असतील, तर एका चुकीच्या खुंटीचा दोष दर इंचाला तीनदा, ताण्याच्या त्याच धाग्यांवर उमटतो. कागदावरची मांडणी खरी की खोटी, हे कापड पहिल्या वितीतच सांगून टाकते.

प्रोग्रॅमिंग भाषेच्या माहितीपुस्तिकेत कोडचे जे उदाहरण दिलेले असते, ते याच घराण्यातले. फ्रान्समध्ये ल्यों शहरात १७२५ साली बासील बूशों याने भोके पाडलेल्या कागदाने मागावरचे धागे निवडण्याची युक्ती काढली, आणि १८०४ च्या सुमारास जोझेफ मारी जॅकार्डने कार्डांच्या माळेवर चालणारे यंत्र पक्के केले. त्याच यंत्राने १८३९ मध्ये जॅकार्डचे रेशमी चित्र विणले गेले. त्याला सुमारे २४,००० कार्डे लागली, आणि त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजने जपून ठेवली होती. या कार्डांत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नक्षीचे वर्णन आणि नक्षीची आज्ञा तिथे दोन नव्हत्या. कार्डावर जे होते तेच कापडात उतरत होते, त्यामुळे वर्णन शिळे होण्याची सोयच नव्हती. उदाहरणाचा खरेपणा लिहिणाऱ्याच्या काळजीतून येत नाही, ते यंत्राला बांधलेले असण्यातून येतो, असे माझे म्हणणे आहे, आणि पुढचा सगळा इतिहास त्याची साक्ष देतो.

उदाहरण आणि यंत्र यांची ही गाठ पहिल्यांदा सुटली ती १८४३ मध्ये. बॅबेजच्या नियोजित गणकयंत्रावरच्या एका लेखाचे एडा लव्हलेसने भाषांतर केले आणि त्याला स्वतःच्या टिपा जोडल्या. शेवटच्या टिपेत बर्नोली संख्या काढण्याच्या पायऱ्यांचा तक्ता आहे. पुष्कळ जण त्याला छापून आलेला पहिला प्रोग्रॅम मानतात. त्या तक्त्याच्या चौथ्या पायरीत भागाकाराची उलटापालट झाली आहे: ज्याला भागायचे ती संख्या भाजकाच्या जागी आणि भाजक तिच्या जागी. चूक लव्हलेसची असेल किंवा छापखान्यातल्या जुळाऱ्याची असेल, वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. यंत्र बांधलेच गेले नव्हते, म्हणून तक्ता चालवून पाहता येत नव्हता, म्हणून चूक तशीच राहिली. लव्हलेससारखी बुद्धिमान आणि काटेकोर व्यक्तीही यातून सुटली नाही, तर ‘नीट तपासून लिहा’ या उपदेशाने काय साधणार?

कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या सी भाषेवरील पुस्तकाने ही गाठ पुन्हा मारली. पुस्तकाचा मजकूर संगणकावरच असल्याने त्यातली उदाहरणे थेट मजकुरातूनच चालवून तपासली आहेत, असे प्रस्तावनेत नोंदवलेले आहे. म्हणजे चाललेले कोड पुन्हा हाताने उतरवताना होणाऱ्या चुकांचा रस्ता बंद झाला. डोनाल्ड क्नूथने १९८४ मध्ये आणखी पुढची कल्पना मांडली: प्रोग्रॅम आणि त्याचे स्पष्टीकरण एकाच फाइलमध्ये लिहावे आणि तिच्यातूनच दोन्ही काढावेत. मात्र पुस्तक छापून झाल्यावर भाषाच बदलली तर काय, याचे उत्तर या दोन्हींत नव्हते. पायथनचे पाहा. पायथन २ मध्ये ७ ला २ ने साधा भागाकार केला की उत्तर ३ येई. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ मध्ये तेच ३.५ येते. छापण्याची आज्ञाही बदलली, पण तिथे जुने उदाहरण लगेच अडते आणि चूक कळते. भागाकाराचे उदाहरण अडत नाही. ते निमूट चालते आणि वेगळे उत्तर देते, आणि शिकणाऱ्याला वाटते की समजण्यात आपलेच काही चुकले. उदाहरण लिहिले तेव्हा ते अगदी बरोबर होते, हे ध्यानात घ्यावे.

याच भाषेत टिम पीटर्सने १९९९ मध्ये डॉकटेस्ट लिहिले, आणि २००१ मध्ये पायथन २.१ सोबत ते सर्वांच्या हाती आले. कल्पना अत्यंत साधी आहे. पायथनशी थेट बोलताना ओळीच्या आरंभी >>> अशी खूण येते. ती ओळ आणि खाली आलेले उत्तर जसेच्या तसे माहितीत चिकटवायचे. डॉकटेस्ट या खुणा शोधते, ओळी पुन्हा चालवते आणि आलेले उत्तर लिहिलेल्या उत्तराशी ताडून पाहते. भाषेत किंवा कोडमध्ये बदल झाला की तपासणी पुन्हा लावायची; खोटे पडलेले उदाहरण त्याच दिवशी सापडते. पुढे गो भाषेने उदाहरणांना स्वतंत्र फंक्शनचे रूप दिले, आणि रस्टमध्ये तर माहितीतले कोड इतर चाचण्यांबरोबर आपोआप कंपाइल करून चालवले जाते.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की उदाहरण शिकवण्यासाठी असते. तपासणीसाठी लागणारी तयारी त्यात घातली की मुद्दा हरवतो. हे खरे होते. रस्टने त्यावर तोड काढली: ओळीच्या आरंभी # घातला की ती ओळ चालते, पण वाचकाला दिसत नाही. दुसरा आक्षेप असा की वेळ, नेटवर्क, यादृच्छिक संख्या यांवर अवलंबून असलेल्या कोडचे उत्तर दर वेळी वेगळे येणार. अशा ठिकाणी उत्तराचा बदलता भाग मोकळा सोडता येतो, किंवा कोड नुसते कंपाइल होते की नाही एवढेच पाहता येते. ही अर्धी तपासणी झाली, पण फंक्शनचे नाव बदलल्याचे तिच्यातही कळते. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: तपासणी नापास झाली की घाईतला माणूस कारण न शोधता नवे उत्तर जुन्याच्या जागी चिकटवतो. पायथन ३.१ ने १.१ ही संख्या १.१००००००००००००००१ अशी दाखवणे थांबवले, तेव्हा उत्तर बदलणेच योग्य होते. पण ७ ला २ ने भागण्याच्या उदाहरणात ३ च्या जागी ३.५ लिहून पुढे जाणे म्हणजे सरासरी काढणे की पूर्ण गट मोजणे, काय शिकवायचे होते तेच विसरणे. यंत्र फरक दाखवते; बरोबर कोण, हे माणसालाच ठरवावे लागते. यामुळे तपासणी निरुपयोगी ठरत नाही, कारण तिच्याविना हा प्रश्न समोर येतच नाही.

भिवंडीसारख्या गावासाठी या गोष्टीचे महत्त्व दुप्पट आहे. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची उर्दू, पद्मशाली विणकरांची तेलुगू, कामगारांची हिंदी आणि आसपासच्या गावांची मराठी, अशा घरांतून आलेली मुले इंग्रजीतली माहिती उघडतात तेव्हा परिच्छेद अर्धेच समजतात, पण उदाहरण चालवून पाहता येते. कमी इंग्रजी येणाऱ्याचा सगळा भार उदाहरणावर पडतो, म्हणून खोट्या उदाहरणाची किंमतही तोच जास्त मोजतो. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी इथे एक गोष्ट पाहावी. पायथनची माहिती स्फिंक्स या ज्या साधनात तयार होते, त्यात वेगळी सूचना दिली नाही तर भाषांतरासाठी फक्त मजकूर बाहेर काढला जातो, कोड मूळ जागीच राहते. त्यामुळे मराठी पानावरचे उदाहरणही मूळ तपासणीला बांधलेले राहते. उलट कोडची प्रत काढून ती मराठी पुस्तकात किंवा नोट्समध्ये टाकली की ती गाठ सुटली. मात्र कोड मूळ जागी ठेवले तर त्याच्या आतल्या समजावणीच्या ओळी इंग्रजीतच राहतात, आणि त्या मराठीत आणल्या तरी डॉकटेस्ट त्यांच्याकडे पाहत नाही. त्या ओळी भाषा आणि कोड दोन्ही जाणणाऱ्या माणसाला वाचाव्या लागतात, आणि दर नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा वाचाव्या लागतात.