हॅमस्टरचा पिंजरा : अलेप्पोपासून मीरा रोडपर्यंत

१/ मीरा रोडच्या एखाद्या वन-बीएचके सदनिकेत रात्री दिवे मालवले, की कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातून सळया कुरतडल्याचा आवाज येऊ लागतो. घरातले म्हणतात, ‘खेळतोय बिचारा.’ पण तो खेळतच असेल असे नाही. या सोनेरी जीवाच्या मागे जवळपास शतकाचा इतिहास उभा आहे, आणि तो मुख्यतः पिंजऱ्यांचा व प्रवासांचा आहे. मित्रहो, आजचा धागा त्यावर.

२/ सोनेरी हॅमस्टरचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज वॉटरहाऊस यांनी १८३९ मध्ये लंडन येथे केले. तरीही तो माणसाच्या घरात आला तो शंभरएक वर्षांनी, आणि त्याला निमित्त झाला एक रोग : बंगाल, बिहार व आसामात असंख्य बळी घेणारा काळा आजार. वाळूमाशीच्या दंशाने हा आजार चिनी हॅमस्टरला होतो, हे हेन्री शॉर्ट, स्वामीनाथ आदी संशोधकांनी १९३१ मध्ये भारतात प्रयोगाने दाखवले. अडचण एकच होती. चिनी हॅमस्टर बंदिवासात सहसा पिल्ले देत नसे. प्रत्येक खेप चीनहून आणावी लागे.

३/ हीच अडचण जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात साउल अ‍ॅडलर यांना भेडसावत होती. जवळपासचा एखादा हॅमस्टर मिळतो का, हे पाहण्याचे काम प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहरोनी यांच्याकडे आले. एप्रिल १९३० मध्ये अलेप्पोजवळच्या एका शेतात खोल खणल्यावर त्यांना एक मादी आणि तिची पिल्ले सापडली. पेटीत ठेवताच मादीने आपलेच एक पिल्लू मारले. कोंडले जाण्याच्या भीतीची ही या इतिहासातली पहिली नोंद.

४/ वाचलेली पिल्ले विद्यापीठाच्या प्राणिगृहाचे प्रमुख हाइन बेन-मेनाहेम यांच्या हाती आली. त्यांनी ती लाकडी तळाच्या पिंजऱ्यात ठेवली. सकाळी पाहतात तो तळ कुरतडून पाच पिल्ले पसार! ती पुन्हा कधीच मिळाली नाहीत. उरली चार. पिंजरा निवडण्यातली एक चूक, आणि सारा खटाटोप संपण्याच्या बेतात आला.

५/ दुसऱ्या खेपेस बेन-मेनाहेम यांनी तारेच्या जाळीचा मोठा पिंजरा घेतला, त्यात वाळलेले गवत गच्च दाबून भरले आणि वर थोडीशीच मोकळी जागा ठेवली. म्हणजे पिंजऱ्याचेच बीळ केले. आधी मादी सोडली, एक-दोन दिवसांनी नर. जोडी जमली, आणि वर्षभरात सुमारे १५० हॅमस्टर झाले! जगभरातले पाळीव सोनेरी हॅमस्टर बहुतांशी त्याच एका बिळाचे वंशज आहेत.

६/ मग सुरू झाला प्रवास. १९३१ मध्ये अ‍ॅडलर यांनी काही हॅमस्टर कोटाच्या खिशातून इंग्लंडला नेल्याचे सांगितले जाते. १९४८ च्या अखेरीस, यादवीने पेटलेल्या चीनमधून वीस चिनी हॅमस्टर शांघायमार्गे विमानाने अमेरिकेस पोहोचले. पुढे १९५७ मध्ये थिओडोर पक यांनी चिनी हॅमस्टरच्या पेशींचा जो वाण वाढवला, त्याच्या आधारे आज अनेक जैविक औषधे तयार होतात.

७/ आता मीरा रोडच्या पिंजऱ्याकडे येऊ. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रानातल्या बिळांची सरासरी खोली सुमारे ६५ सेंटिमीटर भरली, आणि एकाही बिळात एकाहून अधिक प्रौढ प्राणी आढळला नाही. म्हणून दुमजली, रंगीत, घसरगुंडीचा पिंजरा पाहून भुलू नका. लांब-रुंद तळ, खणता येईल असा बिनवासाच्या कागदी किंवा लाकडी भुश्शाचा जाड थर, डोके शिरणार नाही इतक्या जवळच्या सळया आणि पाठ वाकणार नाही असे मोठे चाक पाहा. सोनेरी हॅमस्टर एकटाच ठेवा. ‘सोबत म्हणून’ आणलेला दुसरा त्याला शत्रूच वाटतो.

८/ प्रवासासाठी पिंजरा उलट लहान हवा : कडक भिंतींचा, हवेशीर, कुरतडता न येणारा. पुठ्ठ्याचा खोका नको. लाकडी तळाचे काय झाले ते आपण पाहिलेच. आत त्याच्याच घरट्यातला थोडा भुस्सा, पाण्याच्या गळक्या बाटलीऐवजी काकडीची फोड. भाईंदरहून निघायचे तर सकाळच्या गर्दीची लोकल टाळा. मे महिन्यातला दमट उकाडा या प्राण्याच्या जिवावर बेतू शकतो. उन्हातल्या बंद गाडीत त्याला क्षणभरही ठेवू नका.

९/ हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, तसेच त्याला यातना होतील अशा रीतीने वाहून नेणे, हे दोन्ही गुन्हे मानतो. बेन-मेनाहेम यांचेच उदाहरण घ्या. त्यांनी प्राण्याला काय हवे ते पाहिले आणि पिंजरा बदलला. आज रात्री सळया वाजल्या, तर आपणही एवढेच करावे.