फुलांची तारीख : क्योतो आणि उमरगा

गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी क्योतोत होतो. साकुरा ऐन बहरात होता आणि कालव्याकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. मला मात्र निजो किल्ल्याच्या दक्षिणेची शिन्सेन-एन ही लहानशी बाग पाहायची होती. एक तळे, त्यावर लाल पूल, काठाला थोडी झाडे. बहुतेक प्रवासी इथे थांबतही नाहीत. इ.स. ८१२ मध्ये सम्राट सागा याने इथे साकुराखाली मेजवानी दिली. दरबारी बखरीत तिची नोंद झाली, आणि क्योतोतल्या बहराच्या तारखांची मालिका तिथून सुरू होते.

त्याआधी जपानी उमराव फुले पाहायचे ती चीनहून आलेल्या उमे या झाडाची. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या काव्यसंग्रहात साकुरापेक्षा उमेवरच्या कविता अधिक आहेत. राजधानी क्योतोला आल्यावर मान साकुराकडे गेला. सामान्य माणसांना तो मोकळेपणी मिळाला बऱ्याच उशिरा, १७२० च्या सुमारास, शोगुन योशिमुने याने एदोतल्या आसुकायामा टेकडीवर झाडे लावली तेव्हा. विसाव्या शतकात लष्कराने हीच गळती पाकळी तरुणांना मरायला शिकवण्यासाठी वापरली, हेही विसरता येत नाही.

पण मला ओढ होती ती तारखांची. ओसाका प्रीफेक्चर विद्यापीठातले यासुयुकी आओनो यांनी सम्राट, उमराव आणि भिक्षूंच्या रोजनिश्या वाचून त्या गोळा केल्या. यातल्या कुणीही हवामानाचा अभ्यास म्हणून लिहिले नव्हते. अमुक दिवशी फुले पाहायला गेलो, मद्य झाले, कविता झाल्या, एवढेच. शिवाय तारखा जुन्या चांद्र पंचांगातल्या, आपल्यासारख्याच अधिक महिन्यासह. हिदेयोशीची दाइगो इथली प्रसिद्ध मेजवानी केईचो ३ च्या तिसऱ्या महिन्यातल्या पंधराव्या दिवशी झाली; हिशेब केला की २० एप्रिल १५९८ निघतो. मालिका सलग नाही, मधली कितीतरी वर्षे गळाली आहेत. तरी तिच्यामुळेच कळले की २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चला आला, आणि त्याआधीची सर्वांत लवकरची तारीख १४०९ ची, २७ मार्च.

(एक खुलासा. आज जपानभर दिसणारी बहुतेक झाडे सोमेई-योशिनो या एकाच जातीची, एकाच झाडाची कलमे. म्हणून ती एकदमच फुलतात. तोक्योत यासुकुनी देवळातल्या ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुले दिसली की हवामान खाते बहर जाहीर करते. जुन्या रोजनिश्यांतला साकुरा मात्र डोंगरी, यामाझाकुरा.)

तळ्याकाठी बसलो असताना मला आमच्या घरातली देवळी आठवली. आमचे मूळ गाव उमरगा तालुक्यातले. आजोबा पंचांगाच्या समासात शिसपेन्सिलीने लिहायचे : पहिला पाऊस, गाय व्याली, बांधावरच्या पळसाला फूल. वर्ष संपले की पंचांग देवळीत जायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरताना, भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि वरचे माळवद एकदमच खाली आले. आधी माणसे काढली, मग धान्य. कागद कोण शोधणार?

ती चळत उरली असती तरी तिच्याशेजारी ठेवायला दुसरे काही नाही. पळसाखाली कोणत्या दरबाराने मेजवानी दिली? त्याची पाने पत्रावळीला, फुले होळीच्या रंगाला. शेताच्या कडेचे झाड ते. निजामाच्या महसुली दप्तरात आमच्या भागातला सारा आहे, पीक आहे, तेही फसली सनात आणि उर्दूत. फुलाला सारा नव्हता, म्हणून नोंद नाही, असे मला वाटते.

परत आल्यावर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरलो. तारखा कुणालाच सांगता येत नाहीत, पण खुणा पक्क्या असतात : रझाकाराचं साल, बहात्तरचा दुष्काळ, भूकंपाच्या आधी, भूकंपाच्या नंतर. नात्यातल्या एका आजींना पळसाचे विचारले. आधी हसल्या. मग म्हणाल्या, "रझाकाराच्या भ्यानं आमी रातचं गाव सोडलं, सोलापूरकडं. आयनं मला पळसाखाली बसवलं हुतं. सकाळी बगते तर अंगावर समदी लाल फुलं. रगतच वाटलं मला."

"होळी झाली होती का?"

"न्हाई. होळी कॅम्पात झाली."

घरी येऊन मांडणी केली. फसली १३५७, म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. त्यातली होळी मार्च १९४८ अखेरची. म्हणजे त्या साली आमच्या वाटेवरचा पळस होळीआधीच गळू लागला होता. दिवस नेमका मिळत नाही. वहीत पहिल्या ओळीवर एवढेच लिहिले आहे : शके १८६९, होळीपूर्वी, फुले गळत होती.