संसदीय भाषणस्वातंत्र्य (भारत)

संसदीय भाषणस्वातंत्र्य म्हणजे संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या सभागृहात आणि त्यांच्या समित्यांमध्ये केलेल्या वक्तव्याबद्दल सदस्यावर न्यायालयात कारवाई होऊ न देणारा घटनात्मक विशेषाधिकार होय. बदनामीच्या दाव्याची भीती न बाळगता सदस्याला शासन, बँका, विमा कंपन्या व उद्योगसमूह यांच्या व्यवहारांविषयी प्रश्न विचारता यावेत, हा त्याचा एक प्रमुख हेतू आहे. हे संरक्षण सदस्याच्या व्यक्तिगत लाभासाठी नसून सभागृहाच्या कामकाजासाठी आहे.

घटनात्मक तरतुदी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १०५ मध्ये संसद सदस्यांना आणि अनुच्छेद १९४ मध्ये राज्य विधिमंडळाच्या सदस्यांना हे संरक्षण दिलेले आहे. महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषद यांच्या सदस्यांना अनुच्छेद १९४ लागू होतो. सभागृहात केलेले भाषण किंवा दिलेले मत यांबद्दल सदस्याविरुद्ध दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही. या तत्त्वाचे मूळ इंग्लंडमधील १६८९ च्या अधिकारांच्या सनदेत आहे.

तेज किरण जैन विरुद्ध एन. संजीव रेड्डी (१९७०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा व्यापक अर्थ लावला. कामकाजाच्या ओघात सभागृहात उच्चारलेल्या कोणत्याही वक्तव्यास हे संरक्षण मिळते, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. तेच आरोप सदस्याने सभागृहाबाहेर केल्यास मात्र त्याला सामान्य नागरिकाप्रमाणेच बदनामीचा कायदा लागू होतो.

वृत्तप्रसिद्धीचे संरक्षण

भाषण संरक्षित असले, तरी त्याचे वृत्त छापणारे वृत्तपत्र सुरुवातीला तितके सुरक्षित नव्हते. डिसेंबर १९५५ मध्ये खासदार फिरोज गांधी यांनी लोकसभेत उद्योगपती रामकृष्ण दालमिया यांच्या विमा कंपनीतील गैरव्यवहार मांडले. अशा भाषणाचे वृत्त देणाऱ्या संपादकावर खटला होऊ शकतो, हे लक्षात घेऊन त्यांनी खासगी विधेयक मांडले आणि १९५६ मध्ये संसदीय कामकाज (प्रसिद्धी संरक्षण) अधिनियम संमत झाला. हा कायदा आणीबाणीत रद्द करण्यात आला आणि १९७७ मध्ये नव्याने करण्यात आला. पुढे १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-क समाविष्ट होऊन राज्य विधिमंडळांच्या वृत्तांनाही घटनात्मक संरक्षण मिळाले. वृत्त बहुतांशी खरे असावे आणि ते द्वेषबुद्धीने दिलेले नसावे, अशी अट आहे. गुप्त बैठकीच्या वृत्ताला हे संरक्षण नाही.

मुंदडा प्रकरण

या स्वातंत्र्याच्या परिणामकारक वापराचे उदाहरण म्हणून मुंदडा प्रकरणाचा उल्लेख केला जातो. आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांच्या समभागांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवल्याचा विषय फिरोज गांधी यांनी १९५७ मध्ये लोकसभेत मांडला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांच्या एकसदस्यीय आयोगाने मुंबईत खुली चौकशी केली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा दिला.

सदस्यांवरील आर्थिक प्रभाव

व्यापारी हितसंबंध सदस्याला खटल्याच्या भीतीने जसे गप्प करू शकतात, तसेच पैसे देऊन बोलतेही करू शकतात. त्यामुळे सभागृहाने स्वतःच्या सदस्यांवर कारवाई करण्याचे प्रसंगही आले आहेत.

* मुद्गल प्रकरण (१९५१) : हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईतील सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिच्या हिताचे काम केल्याचे चौकशी समितीला आढळले. निष्कासनाच्या प्रस्तावावर निर्णय होण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला.
* प्रश्नांसाठी पैसे प्रकरण (२००५) : गुप्त चित्रीकरणानंतर डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांचे सदस्यत्व रद्द झाले. त्यांत महाराष्ट्रातील जळगाव व एरंडोल येथील खासदारांचा समावेश होता. राजा राम पाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सभागृहाचा निष्कासनाचा अधिकार मान्य केला.
* महुआ मोईत्रा यांचे निष्कासन (२०२३) : एका उद्योजकाला संसदीय संकेतस्थळाचा लॉगिन तपशील दिल्याबद्दल आचार समितीने शिफारस केल्यानंतर लोकसभेने ८ डिसेंबर २०२३ रोजी त्यांना निष्कासित केले. एका उद्योगसमूहाविरुद्ध प्रश्न विचारल्यामुळे आपल्याला लक्ष्य केले गेले, अशी भूमिका घेत त्यांनी लाच घेतल्याचा आरोप नाकारला. २०२४ मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या.

लाच आणि विशेषाधिकार

पी. व्ही. नरसिंह राव विरुद्ध राज्य (१९९८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा बहुमताने लाच घेऊन मतदान करणाऱ्या खासदारांना अनुच्छेद १०५ चे संरक्षण मिळते, असे ठरवले. लाच घेऊनही मतदान न केलेल्या सदस्याला मात्र हे संरक्षण मिळाले नाही. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने सीता सोरेन खटल्यात ४ मार्च २०२४ रोजी हा निर्णय एकमताने रद्दबातल ठरवला. लाच स्वीकारताच गुन्हा पूर्ण होतो आणि त्याचा भाषणस्वातंत्र्याशी संबंध नाही, असे पीठाने म्हटले.

मर्यादा

न्यायाधीशांच्या कर्तव्यविषयक वर्तनावर, त्यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव वगळता, संसदेत चर्चा करता येत नाही (अनुच्छेद १२१). राज्य विधिमंडळात ती मुळीच करता येत नाही (अनुच्छेद २११). लोकसभेच्या नियम ३५३ नुसार कोणत्याही व्यक्तीवर बदनामीकारक आरोप करण्यापूर्वी अध्यक्षांना व संबंधित मंत्र्यांना सूचना द्यावी लागते, तर नियम ३८० नुसार अध्यक्ष आक्षेपार्ह शब्द कामकाजातून वगळू शकतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये राहुल गांधी यांच्या अदानी समूहासंबंधीच्या भाषणातील काही भाग वगळल्यानंतर या अधिकाराच्या व्याप्तीवर वाद झाला. वगळलेला मजकूर प्रसिद्ध करणे हक्कभंग ठरू शकतो.

इतर देश

ऑक्टोबर २००९ मध्ये ब्रिटनमध्ये ट्रॅफिगुरा या तेलव्यापारी कंपनीने मिळवलेल्या मनाई आदेशामुळे गार्डियन या वृत्तपत्राला खासदार पॉल फॅरेली यांच्या संसदेतील प्रश्नाचे वृत्त देता आले नाही. हा प्रश्न आयव्हरी कोस्टमध्ये टाकलेल्या विषारी कचऱ्याविषयीच्या अहवालाशी संबंधित होता. समाजमाध्यमांवर प्रश्नाचा मजकूर पसरल्यावर कंपनीने दुसऱ्याच दिवशी माघार घेतली. सभागृहात प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य त्याच्या प्रसिद्धीच्या स्वातंत्र्याशिवाय अपुरे राहते, हा मुद्दा या प्रकरणामुळे पुन्हा चर्चेत आला.