हृदयाची अरुंद वाट

मनुष्याच्या हृदयांत, डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत रक्त उतरतें त्या वाटेवर, दोन पाकळ्यांची एक झडप असते. सोळाव्या शतकांतील शरीरशास्त्रज्ञ व्हेसालियस याला ती बिशपच्या दुभंगलेल्या उंच टोपीसारखी दिसली, आणि त्या टोपीवरूनच तिला 'मायट्रल' हें नांव पडलें. निरोगी प्रौढ माणसाची ही झडप पूर्ण उघडली म्हणजे चार ते सहा चौरस सेंटिमीटर वाट मोकळी होते. ती आकसून दीड चौरस सेंटिमीटरवर आली कीं रोग गंभीर समजतात. एक चौरस सेंटिमीटरच्याहि खालीं गेली, म्हणजे जिना चढणें तर राहोच, अंथरुणावर आडवें पडलें तरी धाप लागते. एवढीशी वाट मोकळी करण्यासाठीं वैद्यकाला अर्धें शतक झगडावें लागलें. तो इतिहास उद्बोधक आहेच, पण जालन्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीनें तो विशेष विचार करावयास लावणारा आहे.

ही झडप अरुंद होण्याचें मुख्य कारण हृदयांत नसून घशांत आहे. स्ट्रेप्टोकॉकस नांवाच्या जंतूनें पांच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा सुजतो. चार दिवसांत तो बरा होतो, व घरांतील माणसें ती गोष्ट विसरून जातात. दोन-तीन आठवड्यांनीं मुलाला ताप येतो. आज गुडघा, उद्यां घोटा, परवां मनगट, असे सांधे क्रमाक्रमानें सुजतात. हाच सांध्यांचा ताप, ऱ्हुमॅटिक फीव्हर. जंतूंशीं लढण्यासाठीं शरीरानें उभें केलेलें सैन्य या तापांत स्वतःच्याच हृदयावर उलटतें. सांधे पूर्ववत् होतात. झडपेच्या पाकळ्या मात्र सुजतात, जाड होतात आणि कडांशीं एकमेकींना चिकटतात. ताप पुनःपुन्हां आला तर प्रत्येक वेळीं हें नुकसान वाढत जातें. दाटीच्या, कोंदट घरांत एकाचा घसा दुसऱ्याला लागण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून हा रोग गरिबीच्या पाठोपाठ चालतो. युरोप-अमेरिकेंत राहणीमान सुधारलें तसा तो पेनिसिलीनच्याहि आधींपासून ओसरूं लागला होता. तिकडे झडप अरुंद होण्यास बहुधा वीस-वीस वर्षें लागत. भारतांत विशीच्या आंतील मुलांमुलींतच ती पूर्ण आकसलेली आढळते, ही गोष्ट दिल्लीच्या डॉ. सुजय रॉय यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६३ मध्यें जगाच्या नजरेस आणली.

रोगाचें निदान फार पूर्वींच साध्य झालें होतें. लेनेक या फ्रेंच वैद्यानें १८१६ मध्यें स्टेथास्कोप शोधून काढल्यापासून अरुंद झडपेंतून जाणाऱ्या रक्ताची घरघर कानांनीं ओळखतां येऊं लागली. परंतु ओळखल्यावर करावयाचें काय? विदरिंगनें १७८५ मध्यें प्रसिद्धीस आणलेलें डिजिटॅलिस, पूर्ण विश्रांति, मिठाची बंदी व लघवी वाढविणारीं औषधें, एवढाच वैद्याच्या हातीं आधार होता. या उपायांनीं पाणी कमी होई, नाडी संथ होई. चिकटलेल्या पाकळ्या मात्र औषधानें सुटत नसत. अडथळा यांत्रिक होता, आणि त्याचें निवारणहि यांत्रिकच असावयास पाहिजे होतें.

हा विचार लंडनच्या सर लॉडर ब्रंटन यांनीं १९०२ मध्यें 'लॅन्सेट'मध्यें मांडला. ते शस्त्रवैद्य नव्हते. मृत माणसाच्या व जनावरांच्या हृदयावर प्रयोग करून, जिवंत माणसाची झडपहि अशीच कापून मोकळी करतां येईल असें त्यांनीं सुचविलें. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. हृदयाला हात लावणें म्हणजे रोग्याला मारणें, अशीच त्या काळची समजूत होती. पुढें २० मे १९२३ रोजीं बोस्टन येथें इलियट कटलर यांनीं बारा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयांत सुरी घालून झडप कापली. ती मुलगी चार वर्षांहून अधिक काळ जगली. परंतु त्यानंतरचे त्यांचे रोगी दगावले व त्यांनीं तो नाद सोडला. कारण आज स्पष्ट दिसतें. झडपेचा तुकडा कापून काढल्यानें वाट मोकळी होई, पण दार मिटेनासें होई, आणि रक्त उलट वाहूं लागे.

खरी युक्ति लंडनच्या हेन्री सूटार यांच्या हाताला सांपडली. १९२५ मध्यें एका एकोणीस वर्षांच्या तरुणीच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून त्यांनीं आपलें बोटच आंत घातलें व झडप चांचपून रुंद केली. तरुणी बरी झाली आणि सुमारें पांच वर्षें जगली. तरीहि त्यांच्याकडे दुसरा एकहि रोगी पाठविण्यांत आला नाहीं. दोष हृदयाच्या स्नायूंत आहे, झडपेंत नाहीं, असें त्या वेळचे मोठमोठे वैद्य मानीत. योग्य वाट सांपडली असतांहि केवळ मान्यवरांच्या मतामुळें ती तेवीस वर्षें ओस पडली.

१९४८ सालीं हें मत मागें पडलें. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स बेली यांचे पहिले चार रोगी दगावले होते. चौथा तर १० जूनच्या सकाळींच गेला. त्याच दिवशीं दुसऱ्या रुग्णालयांत त्यांनीं पांचव्या रोगिणीवर शस्त्रक्रिया केली. पाकळ्या कापावयाच्या नाहींत, जेथें त्या चिकटल्या आहेत त्या सांध्यावरच उकलावयाच्या, हें त्यांचें तत्त्व होतें. ती चोवीस वर्षांची तरुणी वांचली, आणि थोड्याच दिवसांत हजार मैलांचा रेल्वेप्रवास करून शिकागोच्या वैद्यपरिषदेपुढें उभी राहिली. त्याच आठवड्यांत बोस्टनचे ड्वाइट हार्केन यांना, व सप्टेंबरांत लंडनचे रसेल ब्रॉक यांना यश आलें.

त्याच सप्टेंबर महिन्यांत जालना निजामाच्या राजवटींतून मुक्त झालें. जालना तेव्हां हैदराबाद संस्थानच्या औरंगाबाद जिल्ह्यांतील व्यापाराचें गांव होतें. 'जालना सोने का पालना' अशी त्याची ख्याति होती, स्कॉटिश मिशनऱ्यांनीं काढलेलें रुग्णालयहि तेथें होतें. परंतु हृदयावरील शस्त्रक्रिया ही गोष्ट हैदराबादेस नव्हती आणि मुंबईसहि नव्हती. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं, तसेंच वेल्लोर येथें ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांतील शस्त्रवैद्यांनीं ही शस्त्रक्रिया भारतांत रुजविली. मराठवाड्याला स्वतःचें वैद्यकीय महाविद्यालय मिळालें तें १९५६ मध्यें, औरंगाबादेस.

या शस्त्रक्रियेंत हृदय थांबवावें लागत नसे. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडून, धडधडणाऱ्या हृदयांत बोट किंवा उघडणारें-मिटणारें एक लहानसें हत्यार घालून, डोळ्यांनीं न पाहतां केवळ स्पर्शानें झडप उकलीत. खर्च थोडा, साधनें मोजकीं, आणि गुण तात्काळ. म्हणून गरीब देशाला ती फार मानवली. वेल्लोर येथील डॉ. स्टॅन्ली जॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८३ मध्यें ओळीनें ३,७२४ रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. जगांत इतरत्र असे मोठे अनुभव थोडेच नमूद आहेत.

परंतु झडप चुनखडीसारखी कठीण झाली असेल, किंवा अरुंद असून शिवाय गळत असेल, तर बोटाचा उपाय चालत नाहीं. जॉन गिबन यांनीं १९५३ मध्यें हृदय व फुप्फुस यांचें काम कांहीं वेळ करणारें यंत्र यशस्वी करून दाखविलें, तेव्हां हृदय थांबवून व उघडून पाहणें शक्य झालें. भारतांत ही सोय १९६१ मध्यें मुंबई व वेल्लोर येथें सुरू झाली. १९६० मध्यें अमेरिकेंत अल्बर्ट स्टार यांनीं, लोवेल एडवर्ड्स या इंजिनियराच्या साह्यानें बनविलेली पिंजरा व चेंडू या घडणीची कृत्रिम झडप बसविली. डिसेंबर १९९० मध्यें तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा संस्थेंत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखालीं घडविलेली स्वदेशी झडप प्रथम रोग्यास बसविण्यांत आली. तथापि नवी झडप म्हणजे नवें बंधनहि होय. धातूच्या झडपेवर रक्त गोठूं नये म्हणून जन्मभर औषध घ्यावें लागतें, व त्याचें प्रमाण रक्त तपासून वारंवार ठरवावें लागतें. जनावरांच्या ऊतींपासून केलेली झडप हें बंधन सैल करते, परंतु ती दहा-पंधरा वर्षांत, तरुणांत त्याहूनहि लवकर, झिजते. यास्तव गळती हाच मुख्य दोष असेल तेथें मूळ झडपच दुरुस्त करण्याची कला पॅरिसच्या अ‍ॅलन कार्पेंटिए यांनीं वाढविली. आणि २००३ पासून निवडक रोग्यांत शिरेवाटे चिमटा नेऊन गळती कमी करण्याचा उपायहि उपलब्ध झाला आहे.

अरुंद झडपेसाठीं मोठें वळण १९८२ मध्यें जपानांत मिळालें. कांजी इनोवे यांनीं जांघेंतील शिरेंतून एक नळी हृदयापर्यंत नेली, कप्प्यांमधील पडद्याला बारीक छिद्र पाडून ती झडपेंत बसविली, आणि टोकाचा फुगा फुगविला. चिकटलेल्या पाकळ्या सुटल्या. छाती उघडावी लागली नाहीं. हा उपाय शस्त्रक्रियेच्या तोडीचा आहे काय, याची कसोटी हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्यें लागली. १९९४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या तौलनिक अभ्यासांत साठ रोग्यांपैकीं निम्म्यांवर फुग्याचा व निम्म्यांवर उघड्या शस्त्रक्रियेचा उपचार झाला होता. तीन वर्षांनंतर फुग्याच्या गटांत झडपेची वाट सरासरी २.४, तर शस्त्रक्रियेच्या गटांत १.८ चौरस सेंटिमीटर होती. एके काळीं जालन्याची राजधानी असलेल्या शहरांतून निघालेला हा निर्णय जगभर मानला गेला. पाकळ्या मऊ असतील, गळती फार नसेल व कप्प्यांत रक्ताची गुठळी नसेल, तर आज पहिली पसंती फुग्यालाच दिली जाते.

याचें महत्त्व तरुण स्त्रियांच्या बाबतींत अधिक आहे. गरोदरपणांत शरीरांतील रक्त तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढतें, नाडी जलद होते. अरुंद वाट मात्र रुंद होत नाहीं. मग साचलेल्या रक्ताचा भार फुप्फुसांवर पडतो. वर्षानुवर्षें 'अशक्तपणा' म्हणून दुर्लक्षिलेला रोग सातव्या-आठव्या महिन्यांत असा एकाएकीं प्राणावर बेततो. जेथें मुलींचीं लग्नें लवकर होतात तेथें लग्नापूर्वीं किंवा गरोदरपणाच्या आरंभीं छातीला स्टेथास्कोप लागणें ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. संशय आल्यास इकोची तपासणी रोग निश्चित करते.

या साऱ्या पराक्रमाच्या शेजारीं दुसरा एक इतिहास फार शांतपणें घडला. १९४९-५० च्या सुमारास वायोमिंगच्या लष्करी छावणींत, घसा सुजलेल्या शिपायांना वेळेवर पेनिसिलीन दिल्यास सांध्यांचा ताप टळतो, असें सिद्ध झालें. थोड्याच वर्षांत महिनाभर अंगांत टिकणारें बेंझाथिन पेनिसिलीन निघालें. १९५४ मध्यें पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली व पुढच्याच वर्षीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. एकदां हा ताप येऊन गेलेल्या मुलास दर तीन आठवड्यांनीं हें इंजेक्शन दिलें तर ताप उलटत नाहीं व झडप वांचते. युगांडांत आठशेंच्या वर मुलांवर झालेल्या व २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, इंजेक्शन घेणाऱ्यांपैकीं ०.८ टक्के मुलांचा रोग दोन वर्षांत बळावला. न घेणाऱ्यांत हें प्रमाण ८.२ टक्के होतें.

जालना १ मे १९८१ रोजीं स्वतंत्र जिल्हा झाला. २०१३ पासून राज्याच्या आरोग्ययोजनेंत, जी पुढें महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली, येथील गरीब कुटुंबांना झडपेवरील मोठे उपचारहि मिळूं लागले. शाळांतील मुलांच्या आरोग्यतपासणींतहि हा रोग शोधावयाच्या रोगांत धरलेला आहे. म्हणजे शस्त्राचें दार पुष्कळसें उघडलें. परंतु इंजेक्शनाचें काय? दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतून कितीतरी कुटुंबें ऊसतोडीसाठीं गांव सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहींत. मूल त्यांच्याबरोबर जातें; एकवीस दिवसांची तारीख मात्र गांवच्या दवाखान्याच्या वहींतच राहते. शिवाय क्वचित् येणाऱ्या प्रतिक्रियेच्या भीतीनें हें इंजेक्शन देण्यास अनेक ठिकाणीं कांकूं होतें. झडपेला दोष राहिलेल्या मुलास तें निदान चाळिशीपर्यंत घ्यावें लागतें, आणि पुढें फुगा किंवा नवी झडप लाभली तरी त्याची गरज संपत नाहीं, हेंहि पुष्कळांना कोणी सांगितलेलें नसतें.

सूटारची युक्ति तेवीस वर्षें पडून राहिली, तेव्हां तिच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. पेनिसिलीनच्या बाबतींत अविश्वासाचें कारण उरलेलें नाहीं. औषध जुनें आहे, स्वस्त आहे आणि त्याचा गुण सिद्ध झालेला आहे. उसाच्या फडापर्यंत तें मुलाच्या मागोमाग पोंचेल अशी व्यवस्था तेवढी व्हावयाची आहे. ती झाली, तर वर वर्णिलेल्या साऱ्या शस्त्रकौशल्याची गरज फार थोड्यांना पडेल.